ओंडक्याचा मध्य : कातकामाच्या इतिहासातील एक प्रकरण

जुन्या वाड्यांच्या ओटीवरील खांब, पाळण्याच्या दांड्या, चौरंगाचे पाय आणि जिन्याच्या कठड्यातील गोल दांडके यांस 'कातीव' हे विशेषण लावण्याची आपल्याकडे रूढी आहे. पाहणाऱ्याची दृष्टी त्यांच्या वळशांवर व रंगावर स्थिरावते. कातारी मात्र अशा वस्तूकडे पाहतो तेव्हा त्याच्या मनात पहिला प्रश्न निराळाच उभा राहतो : हे लाकूड चरकावर धरले कसे असेल? कातकामाचा इतिहास बहुधा हत्यारांचा व यंत्रांचा म्हणून सांगितला जातो. वस्तुतः तो लाकूड धरण्याचाही इतिहास आहे. आणि ओंडका जितका मोठा व वेडावाकडा, तितके या धरण्यास महत्त्व अधिक. त्यात चूक झाली तर केवळ लाकूड वाया जात नाही. बोटे, डोळा आणि प्रसंगी प्राणही जातो.

चरकाचे, म्हणजे ज्यास आता सर्वत्र लेथ म्हणतात त्या यंत्राचे, एक अतिप्राचीन चित्र ईजिप्तमधील पेटोसिरिस याच्या थडग्यात कोरलेले आहे. त्याचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे ३०० हा होय. त्यात एक मनुष्य दोरी ओढून लाकूड फिरवीत आहे व दुसरा त्यावर हत्यार धरून बसला आहे. आपल्याकडील पारंपरिक चरकाची घडणही याच जातीची. दोन ठोकळ्यांत बसविलेली दोन लोखंडी टोके, त्यांच्यामध्ये धरलेले लाकूड आणि त्यास वेढा घालून पुढेमागे ओढली जाणारी दोरी, एवढीच त्याची सामग्री. बडोद्यानजीकच्या संखेड्याचे खरादी, सावंतवाडीचे व कुंकळ्ळीचे चितारी यांची लाखकामाची कीर्ती याच विद्येवर उभी राहिली. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून अंगास बसते. लाकूड मध्यावर धरलेले नसेल तर कांडी उडत राहते आणि रंग सारखा चढत नाही.

या जुन्या चरकाचा एक गुण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. दोरी प्रत्यक्ष लाकडाभोवतीच गुंडाळावयाची असल्यामुळे कोनाकोपऱ्यांचा ओबडधोबड ठोकळा त्यावर फिरतच नसे. तो आधी कुऱ्हाडीने व वाकसाने तासून जवळजवळ गोल करणे भागच पडे. माणसाच्या बाहूत बळ तरी किती असणार? एका बाजूस जड असलेले लाकूड त्यास पहिल्याच ओढीत कळून येई. दोरी अडे, हात थांबे आणि कारागीर लाकूड काढून पुन्हा तासावयास बसे. पूर्वतयारीचा नियम अशा रीतीने यंत्रानेच घालून दिला होता.

पाषाणाच्या कामीही हेच तत्त्व दिसते. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बसदी ही रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने १२०४ मध्ये बांधविली. तिच्या सभामंडपातील स्तंभांचे गुळगुळीत, एकावर एक रचल्यासारखे वर्तुळाकार थर पाहून ते कातून काढलेले असावेत असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. या घडणीच्या दाक्षिणात्य स्तंभांचा तळ बहुधा चौकोनी व वरचा भाग गोल असतो. चौकोन आधी काटेकोर साधावा, त्याचा मध्य निश्चित करावा आणि मगच गोलाईस हात घालावा, हा क्रम त्या दगडातच वाचावयास मिळतो.

इंग्लंडमध्ये ही परंपरा अगदी अलीकडेपर्यंत टिकली होती. बर्कशायर परगण्यातील बकलबरी येथील जॉर्ज लेली (१८६९–१९५८) हे एल्म वृक्षाच्या लाकडाचे मोठे वाडगे लवचीक काठीच्या चरकावर कातीत. पायाने पावडी दाबली की दोरी खाली येऊन लाकूड फिरे आणि पाय उचलला की वरची काठी दोरी परत ओढून घेई. म्हणून काप फक्त खाली दाबण्याच्या वेळीच होई. एकाच ठोकळ्यातून एकात एक बसणारे अनेक वाडगे काढण्याचे कसब त्यांस साधले होते. त्यांचा चरक व हत्यारे रेडिंग येथील ग्रामजीवनाच्या संग्रहालयात जपून ठेवलेली आहेत. त्यांच्याही कामाचा आरंभ चरकावर होत नसे; तो कुऱ्हाडीने ठोकळा गोल तासण्यापासून होई.

पुढे मोठे चाक आले. एक सोबती ते चाक फिरवी आणि त्यावरील दोरीने चरकाचा कणा अखंड एकाच दिशेने फिरे. एकोणिसाव्या शतकात वाफेची शक्ती आली आणि विसाव्या शतकात विजेची मोटर घरोघरच्या कारखान्यांत पोहोचली. वेग वाढला, श्रम वाचले. परंतु जुन्या दोरीचा तो मूक पहारा संपला. दोरी न तासलेले लाकूड फिरवीतच नसे. मोटर मात्र काहीही फिरवते. जी शिस्त पूर्वी यंत्राकडे होती ती आता सर्वस्वी माणसाकडे आली.

या बदलाचे गांभीर्य थोड्या गणिताने स्पष्ट होते. ४० किलो वजनाचा एक ओंडका घ्यावा आणि त्याचा गुरुत्वमध्य फिरण्याच्या आसापासून केवळ २ सेंटिमीटर बाजूस आहे असे समजावे. मिनिटास १०० फेऱ्या असताना त्याची बाहेरची ओढ सुमारे ९ किलोच्या भाराएवढी असते. ३०० फेऱ्यांवर ती ८० किलोच्या आसपास, म्हणजे ओंडक्याच्या वजनाच्या दुप्पट होते. आणि ६०० फेऱ्यांवर ३२० किलोपर्यंत जाते. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते, हा निसर्गाचा नियम आहे. ही ओढ प्रत्येक फेरीत दिशा बदलून यंत्रास हादरे देते. ६० सेंटिमीटर व्यासाच्या ठोकळ्याची कड ६०० फेऱ्यांवर तासी सुमारे ६८ किलोमीटर वेगाने धावत असते. अशा वेळी पकड सुटली तर समोर उभा असलेल्यास बाजूला होण्यास अवसर मिळत नाही.

तरीही वेड्यावाकड्या लाकडाचे आकर्षण कारागिरांस सुटले नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत या कलेस नवी प्रतिष्ठा लाभली. मेल लिंडक्विस्ट व त्यांचे पुत्र मार्क यांनी झाडांच्या गाठी आणि बुरशीने रेषा उमटलेले लाकूड, जे पूर्वी सरपणात जाई, ते कातून त्यांतून कलापात्रे घडविली. अटलांटाचे वास्तुशिल्पी एड मोल्थ्रॉप (१९१६–२००३) यांनी अख्ख्या बुंध्यांतून प्रचंड पात्रे काढली. इतक्या मोठ्या कामासाठी बाजारातील यंत्रे अपुरी पडतात हे ओळखून त्यांनी स्वतःचा चरक व भाल्यासारखी लांब दांड्याची हत्यारे स्वतःच तयार केली. लांब दांड्यामुळे हातास बळ मिळते आणि शरीर फिरत्या लाकडापासून दूर राहते. १९८६ मध्ये अमेरिकेतील कातारींची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली.

या दीर्घ अनुभवातून मोठा ओंडका चढविण्याची जी रीत सिद्ध झाली, ती थोडक्यात अशी. प्रथम लाकूड चहूबाजूंनी तपासावे. तडा, कुजका भाग, सुटणारी साल अथवा आत रुतलेला जुना खिळा असेल तर तो आधीच शोधावा. मग वर्तुळ आखून बाहेर आलेले कोपरे करवतीने काढून टाकावेत. ओंडका दोन टोकांमध्ये सैल धरून मोकळा सोडला असता जड बाजू आपोआप खाली येते. टोके त्या बाजूस थोडी थोडी सरकवीत, अथवा जड बाजूचे लाकूड तासून कमी करीत, ओंडका कोणत्याही स्थितीत स्थिर राहीपर्यंत हा प्रयोग करावा. यंत्राच्या आधी गुरुत्वाकर्षणालाच मध्य विचारावा, असा याचा अर्थ.

फेसप्लेट लावावयाची तर तिचे स्क्रू जाड व पुरेसे लांब असावेत आणि ते निकोप लाकडातच जावेत. सालीत किंवा कुजक्या भागात नव्हे. लाकडाच्या आडव्या तोंडात, म्हणजे जेथे तंतूंची टोके दिसतात तेथे, स्क्रूची पकड दुबळी असते. दुसऱ्या बाजूने टेलस्टॉकचा आधार शक्य तितका वेळ ठेवावा. हत्याराची टेकणी जवळ आणून ओंडका हाताने एक पूर्ण फेरा फिरवून पाहावा. वेग सर्वांत कमी ठेवावा आणि यंत्र सुरू करताना ओंडक्याच्या फिरण्याच्या रेषेत उभे राहू नये. हादरा वाटला तर वेग वाढवावयाचा नाही, यंत्र थांबवावयाचे. ओले लाकूड सुकताना आक्रसते व स्क्रू सैल पडतात, म्हणून ते पुनःपुन्हा आवळून पाहावेत. धोतराचा सोगा, सैल बाही, हातमोजा व मोकळे केस यांस चरकाजवळ स्थान नाही. तोंडावर मात्र मजबूत झाकण असावे.

या नियमांत नवे असे फारसे काही नाही. दोरी ओढणाऱ्या सोबत्याचा हात जेथे अडत असे, तेथेच आजच्या कारागिराने स्वतः होऊन थांबावे, एवढाच त्यांचा आशय आहे. जुन्या खांबाचा गोल आज शतकांनंतरही डोळ्यास सुखावतो, त्यामागे पटाशीचा पहिला स्पर्श होण्यापूर्वी कुऱ्हाड व दोरा घेऊन मध्य शोधीत बसलेल्या कोणा अनामिकाचे कष्ट आहेत. त्याचे नाव कोणत्याही लेखात कोरलेले नाही. त्याने शोधलेला मध्य मात्र अद्याप ढळलेला नाही.