लिनक्सवरील टचपॅडचे दोषनिवारण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

आय.बी.एम. कंपनीने १९८७ मध्ये आणलेल्या पी.एस./२ जोडणीचाच आधार पुढे अनेक लॅपटॉपमधील कीबोर्ड व टचपॅड यांनी घेतला. अनोळखी प्रणालीस टचपॅड स्वतःची ओळख साधा माऊस अशी देई. परिणामी पडद्यावरील बाण हले. परंतु बोटांचे स्थान, संख्या व दाब यांची माहिती लुप्त होई. टंकलेखन करताना तळहात टेकून बाण भरकटला, तरी त्यास आवर घालण्याचे साधन प्रणालीपाशी नसे.

लिनक्स कर्नेलच्या २.६ या आवृत्तीत (डिसेंबर २००३) अशा सर्व उपकरणांसाठी एकसमान व्यवस्था स्थिरावली. तरीही स्पर्शाचा अर्थ लावण्याचे अनेक नियम वापरकर्त्यालाच फाइलीत लिहावे लागत. २०१५ मध्ये ‘लिबइनपुट’ची १.० आवृत्ती प्रसिद्ध झाली व हे नियम क्रमशः सामाईक झाले.

या थरबद्ध रचनेतूनच दोषशोधाची पद्धत घडली. दाबलेल्या कळीची नोंद कर्नेलपर्यंत पोहोचते काय, हे ‘इव्हटेस्ट’ या साधनाने पाहता येते. नोंद पोहोचत असल्यास दोष वरच्या थरात, अन्यथा उपकरणात वा त्याच्या ड्रायव्हरमध्ये शोधावा लागतो. एकाने शोधलेली दुरुस्ती मूळ आज्ञावलीत स्वीकारली गेली, की ती सर्वांची होते. दोषनिवारणाचा हा इतिहास म्हणूनच ज्ञानाच्या सामाईकीकरणाचाही इतिहास ठरतो.