मराठीतील पोर्तुगीज शब्द : संदर्भ व अर्थभेद

एकच शब्द संदर्भानुसार भिन्न अर्थ व्यक्त करतो, तेव्हा त्यास अनेकार्थी शब्द म्हणतात. स्पॅनिश व पोर्तुगीज या भगिनीभाषांत असे शब्द विपुल आहेत. उदा., दोन्ही भाषांत ‘बांको’ म्हणजे बसावयाचे बाक, तसेच पेढी. ‘बोंबा’ म्हणजे पाणी उपसण्याचे यंत्र, तसेच स्फोटक गोळा. यांपैकी पोर्तुगीज भाषेतील अनेक शब्द सोळाव्या शतकापासून कोकण किनाऱ्यावरून मराठीत आले. मात्र शब्दाबरोबर त्याचे सर्व अर्थ आले नाहीत. कोणता अर्थ घ्यावयाचा व कोणता सोडावयाचा, हे मराठी भाषकांच्या व्यवहाराने ठरविले.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा जिंकले. तत्पूर्वीच, १५०८ च्या अखेरीस, त्यांच्या आरमाराने रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ बंदर जाळले होते. वसई १७३९ पर्यंत व गोवा १९६१ पर्यंत त्यांच्या ताब्यात राहिले. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये वेगळा होईपर्यंत रत्नागिरी जिल्ह्याची दक्षिण सीमा गोव्यास भिडलेली होती. संघर्ष, व्यापार, कारागिरी व नवी पिके अशा नानाविध मार्गांनी हे शब्द रूढ झाले.

‘बांको’ पासून मराठीने ‘बाक’ एवढाच अर्थ घेतला. पेढीसाठी ‘बँक’ हा त्याच कुळातील शब्द पुढे इंग्रजीमार्गे आला. ‘बोंबा’ पासून ‘बंब’ झाला. तो आग विझविणारा आणि न्हाणीघरात पाणी तापविणारा, असा मराठीत दुहेरी अर्थाने नांदला. स्फोटकाचे नाव ‘बाँब’ मात्र इंग्रजीतून आले. ‘त्रोंको’ म्हणजे झाडाचे खोड. अपराध्याचे पाय अडकविण्याच्या लाकडी साधनासही तेच नाव पडले व त्यावरून बंदिशाळेस. मराठीने या साखळीतील शेवटचा अर्थ तेवढा ‘तुरुंग’ या रूपात स्वीकारला. मराठीतील ‘खोड’ व ‘खोडा’ या शब्दांतील साम्य येथे लक्षणीय आहे. ‘पागार’ (पैसे चुकते करणे) या क्रियापदाचे ‘पगार’ हे नाम बनले. ‘बटाटा’ हे मूळ कॅरिबियन बेटांवरील रताळ्याचे नाव स्पॅनिशांनी उचलले. मराठीत ते दुसऱ्याच कंदास मिळाले.

अनेकार्थता व उच्चारसाम्य यांत भेद करणे आवश्यक असते. ‘पाव’ (भाजलेला पदार्थ) हा पोर्तुगीज ‘पांव’ पासून, तर ‘पाव’ (चतुर्थांश) हा संस्कृत ‘पाद’ पासून आला आहे. ‘पाव किलो पाव’ असे म्हणताना दोन भिन्न कुळांतील शब्द एकत्र येतात व ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही. जिन्याची ‘पायरी’ व आंब्याची ‘पायरी’ यांचेही तसेच; आंब्याचे नाव ‘परेरा’ या आडनावावरून आल्याचे मानले जाते. ‘हापूस’ हा ‘अफोन्सो’ या विशेषनामाचा अपभ्रंश होय. आज तो रत्नागिरीची ओळखच बनला आहे.

परकीय शब्द भाषेत राहू द्यावेत की नाहीत, या वादाचे एक केंद्र रत्नागिरीच होते. वि. दा. सावरकर १९२४ ते १९३७ या काळात येथे स्थानबद्ध असताना त्यांनी भाषाशुद्धीची चळवळ चालविली. तिचा मुख्य रोख फार्सी-अरबी व इंग्रजी शब्दांवर होता. तिने सुचविलेले अनेक प्रतिशब्द मराठीत स्थिरावले. तथापि जुन्या पोर्तुगीज शब्दांच्या बाबतीत संस्कृत व आगंतुक शब्द शेजारी नांदत राहिले व त्यांनी कामे वाटून घेतली. शासकीय कागदावर ‘वेतन’ व ‘कारागृह’, तर घरी-दारी ‘पगार’ व ‘तुरुंग’, असा हा विभाग आहे. ‘वेतन आयोग’ नेमला जातो. पण महिनाअखेरीस वाट पाहिली जाते ती पगाराचीच.

आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांचा पद्धतशीर संग्रह गोमंतकीय विद्वान सेबास्तियाँव रोदोल्फो दाल्गादो (१८५५–१९२२) यांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध केला. अशा संग्रहावरून शब्दाचे मूळ कळते; त्याचा अर्थ मात्र तो वापरणाऱ्या समाजाच्या व्यवहारातच शोधावा लागतो. त्या दृष्टीने पाहता ‘तुरुंग’, ‘पगार’ व ‘बंब’ हे जन्माने पोर्तुगीज असले, तरी अर्थाने मराठीच होत.