लाल बावटा कलापथक : बार्शीचा आवाज, वाटेगावची लेखणी

महाराष्ट्रातील सामूहिक कलाप्रयोगांचा इतिहास लिहिताना बहुधा मुंबई-पुण्याच्या चित्रकारांपासून किंवा नाट्यसंस्थांपासून आरंभ केला जातो. त्याआधीचा आणि कितीतरी अधिक श्रोत्यांपर्यंत पोहोचलेला एक प्रयोग मात्र राजकीय प्रचाराच्या खात्यात टाकून बाजूला ठेवला जातो. तो म्हणजे 1944 साली उभे राहिलेले लाल बावटा कलापथक. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर हे त्याचे तीन आधारस्तंभ. यातला ज्याचा आवाज महाराष्ट्रभर घुमला, तो शाहीर सोलापूर जिल्ह्यातला, बार्शीचा.

अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म 20 ऑक्टोबर 1916, बार्शी. बार्शी हे त्या काळी कापसाचे, धान्याचे आणि गिरण्यांचे गाव. 1897 साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळांनी ते कुर्डुवाडीच्या मुख्य लोहमार्गाशी जोडले गेले होते. तालुक्याच्या पूर्वेला निजामाचे राज्य लागत होते. त्यामुळे मराठी, दखनी आणि थोडी कानडी असे तीन भाषांचे सूर बाजाराच्या दिवशी कानावर पडत. आई मुनेरबी यांच्याकडून ओव्या आणि लोकगीते मुलाच्या कानी आली. औपचारिक शिक्षण फारसे झाले नाही. बसवर क्लीनर, मग गिरणीत कामगार, असा पोटाचा प्रवास झाला.

सोलापूरची हवा त्या वर्षांत काय होती, हेही ध्यानात घ्यावे लागते. 1877 साली तिथे पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि अर्ध्या शतकात शहराचा चेहरा गिरणगावाचा झाला. मे 1930 मध्ये सविनय कायदेभंगाच्या चळवळीत इंग्रज सरकारने या शहरात मार्शल लॉ पुकारला. 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना येरवड्यात फाशी दिली गेली. बार्शीतला मेहबूब तेव्हा चौदा वर्षांचा होता. पुढे गिरणीच्या संपात पुढाकार घेतल्याने त्याला तुरुंगवास घडला. विसापूरच्या तुरुंगात साम्यवादी कार्यकर्त्यांचा सहवास लाभला आणि त्याच्या आयुष्याची दिशा ठरली.

दुसरा साथी अण्णाभाऊ साठे. जन्म 1 ऑगस्ट 1920, वाटेगाव, आजचा सांगली जिल्हा. मातंग समाजात जन्मलेला, शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेला हा मुलगा वडिलांबरोबर मुंबईला आला, गिरणीत राबला, माटुंग्याच्या लेबर कँपात वावरला. नात्यातल्या तमाशाच्या फडात त्याने ढोलकी, तुणतुणे आणि वगातली हजरजबाबी जवळून पाहिली होती. 1943 साली त्याने स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला. वाटेगावच्या शाहिराने व्होल्गाकाठच्या शहराचे युद्ध मराठी पोवाड्याच्या चालीत बांधावे, ही घटना वाटते त्याहून मोठी आहे. शिवकालापासून ज्या रचनेत गडकोट आणि सरदार येत, तिच्यात आता परदेशातले कामगार सैनिक येऊन उभे राहिले.

याच 1943 च्या मे महिन्यात मुंबईत भारतीय जननाट्य संघाची, म्हणजे ‘इप्टा’ची स्थापना झाली. बंगालच्या भीषण दुष्काळाने देशभरचे कलावंत हादरले होते. गावोगावी गाणी आणि नाटके सादर करून मदत गोळा होत होती. लाल बावटा कलापथक याच लाटेवर उभे राहिले. पण त्याची मुळे इप्टापेक्षा जुनी, इथल्याच मातीतली होती. सत्यशोधक जलसे आणि त्यानंतरचे आंबेडकरी जलसे यांनी तमाशाचा साचा घेऊन त्यात समाजप्रबोधन कसे भरावे, हे आधीच दाखवून दिले होते. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांचे ऋण न सांगता कलापथकाला अगदी नवा शोध म्हणणे अन्यायाचे होईल.

मग प्रयोग कोणता? तमाशाची रूढ बांधणी अशी : आधी गण, मग गवळण, बतावणी आणि शेवटी वग. अण्णाभाऊंनी गणातले गणेशवंदन काढून तिथे मातृभूमी, हुतात्मे आणि श्रमिकांना वंदन आणले. गवळण, कृष्ण आणि पेंद्या यांना रजा दिली. सोंगाड्याचा विनोद मात्र ठेवला, इतकेच नव्हे तर त्याच्याकडेच सर्वांत गंभीर काम सोपवले : सावकार, काळाबाजारवाला आणि पुढारी यांची बिंगे फोडण्याचे. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘माझी मुंबई’ ही या बांधणीतली नाट्ये. शेतकऱ्याला समजेल अशा भाषेत नफा, व्याज आणि टंचाई यांचे गणित मांडणे, ही त्यांची खरी करामत. अर्थशास्त्राची पुस्तके जिथे पोहोचणे शक्य नव्हते, तिथे सोंगाड्या पोहोचला.

सहकार्याची रीतही पाहण्यासारखी होती. तिघेही शाहीर, तिघेही रचनाकार. तरी एकाची रचना दुसऱ्याच्या गळ्यातून येई आणि झीलकरी ती उचलून धरीत. एका मुस्लिम घरातला गायक, एक मातंग समाजातला लेखक, आणि त्यांच्या बरोबरीने गव्हाणकरांसारखा शाहीर एकाच डफावर उभे राहत, तेव्हा तो देखावा हाच अर्धा आशय असे. फाळणीच्या काळातल्या पंजाब-दिल्लीच्या दंग्यांवर अण्णाभाऊंनी पोवाडा लिहिला. अशा कवनाला या पथकाच्या तोंडी वेगळे वजन येत होते.

हे सगळे निर्वेध घडले, असे समजू नये. 1942 च्या ‘चले जाव’ लढ्याला साम्यवादी पक्षाने पाठिंबा दिला नव्हता. युद्धाला लोकयुद्ध म्हणण्याची त्याची भूमिका होती. मार्शल लॉच्या जखमा अंगावर असलेल्या सोलापुरात किंवा प्रतिसरकारच्या साताऱ्यात ही भूमिका पटवून देणे सोपे नव्हते. कला कितीही रसरशीत असली, तरी पक्षाच्या धोरणाची सावली तिच्यावर पडतच होती. कलापथकाच्या स्तुतिपर लेखनात ही बाजू सहसा गाळली जाते.

स्वातंत्र्यानंतर संकट दुसऱ्या दिशेने आले. मुंबई प्रांताचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्या कारकिर्दीत तमाशावर बंदी आली. अश्लीलता हे कारण पुढे केले गेले. सरकारवर कोरडे ओढणारी कलापथकाची नाट्येही तिच्या कक्षेत आली. अण्णाभाऊंनी यावर काढलेली वाट मासलेवाईक होती. त्यांनी आपल्या खेळांना ‘तमाशा’ म्हणणे सोडून ‘लोकनाट्य’ म्हटले. मराठी रंगभूमीवर आज सहज वापरला जाणारा हा शब्द त्या बंदीच्या दिवसांत रूढ झाला, हे विसरले गेले आहे. 1948 नंतर साम्यवादी पक्षावर धरपकडीची कुऱ्हाड कोसळली आणि पथकाची घडी विस्कटली. पुढे अमर शेख यांनी स्वतःच्या नावाचे कलापथक चालवले.

तरीही या जोडीचा सर्वांत प्रभावी काळ त्यानंतरचा. 1956 ते 1960 या संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णाभाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड अमर शेख यांच्या पहाडी आवाजात सभा-सभांतून गाजली. पोटासाठी मुंबईला गेलेला एक पुरुष गावी राहिलेल्या आपल्या मैनेला आठवतो. हा विरह हळूहळू बेळगाव-कारवारसारख्या तुटलेल्या मुलखाचा विरह होतो. शृंगाराची लावणी-परंपरा, गिरणी कामगाराचे स्थलांतर आणि भाषिक राज्याची मागणी एकाच रचनेत इतक्या सहजतेने गुंफल्याचे दुसरे उदाहरण मराठीत शोधावे लागेल. सोलापूरकर राम जोशींच्या लावणीची आठवण इथे अप्रस्तुत ठरू नये. शृंगाराचा साचा तोच, फक्त नायक आता गिरणीच्या भोंग्यावर उठणारा होता.

दोघांच्या वाट्याला वेगवेगळी कीर्ती आली. अण्णाभाऊंची ‘फकिरा’ ही कादंबरी 1959 साली प्रसिद्ध झाली आणि तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. अमर शेख यांचे ‘कलश’ (1958) आणि ‘धरतीमाता’ (1963) हे काव्यसंग्रह आले. आचार्य अत्रे यांच्या ‘महात्मा फुले’ (1954) या चित्रपटात त्यांनी भूमिकाही केली. पण कादंबरी छापून राहते, पुन्हा निघते. गळा तसा राहत नाही. कलापथकाच्या तीन नावांपैकी गव्हाणकरांचे नाव आज अभ्यासकांपुरते उरले, त्यामागेही हेच कारण आहे. एकत्र केलेल्या कामाची वाटणी करताना समाज ज्याचे पुस्तक सापडते, त्याला मोठा हिस्सा देतो.

पथकाचा आकृतिबंध मात्र पक्षाची वेस ओलांडून गेला. साम्यवाद्यांशी मतभेद असलेल्या राष्ट्र सेवा दलानेही आपले कलापथक उभारले, पु. ल. देशपांडे यांचे ‘पुढारी पाहिजे’ त्याच्याच मंचावर आले, आणि निळू फुले, दादा कोंडके यांच्यासारखे कलावंत त्या मुशीतून घडले. 1965 च्या सुमारास वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने तिकीट काढून आलेल्या शहरी प्रेक्षकांना लोकनाट्याची गोडी लावली. त्या वेळेपर्यंत अण्णाभाऊ घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहत होते.

18 जुलै 1969 रोजी अण्णाभाऊंचे निधन झाले. त्यानंतर बेचाळीस दिवसांनी, 29 ऑगस्टला, इंदापूरनजीक झालेल्या अपघातात अमर शेख गेले. सोलापूरकडे जाणारा हाच तो रस्ता. 2002 साली टपाल खात्याने अण्णाभाऊंचे चार रुपयांचे तिकीट काढले. मुंबई विद्यापीठात शाहीर अमर शेख यांच्या नावाचे अध्यासन आहे.