घोड-भीमेच्या खोऱ्यातली दगडी पाती

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या जमिनीखाली दख्खनचा काळा कातळ आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून तो तयार झाला. रस थिजताना वायूंच्या पोकळ्या राहिल्या आणि झिरपत्या पाण्यातल्या सिलिकेने त्या हळूहळू भरल्या. कॅल्सेडनी, अकीक, जॅस्पर हे दगड त्यातून आले. कातळ झिजला की या गारगोट्या सुट्या होऊन पवना, इंद्रायणी, भामा, घोड, कुकडी या नद्यांच्या वाळूत येऊन पडतात. काळा कातळ आणि त्याच्या पोटातल्या गारगोट्या, एवढ्यावर या खोऱ्यातल्या माणसाने हजारो पिढ्या कापाकापी केली.

आधी हाती आला तो काळा दगड. जुन्नर तालुक्यात बोरी येथे कुकडीच्या काठी ज्वालामुखीच्या राखेच्या थराबरोबर हातकुऱ्हाडी मिळाल्या. राखेच्या वयावरून अभ्यासकांत अजून वाद आहे: कोणी १४ लाख वर्षे म्हणतात, कोणी ६ लाख ७० हजार, तर काहींच्या मते ती सुमात्रातल्या टोबाच्या स्फोटाची, म्हणजे जेमतेम ७५ हजार वर्षांची आहे. खोऱ्याबाहेर, प्रवरेकाठी नेवाशाजवळ चिरकी येथे गुद्रुन कोर्विनस यांनी १९६६ पासून केलेल्या उत्खननातही अशीच हत्यारे निघाली. पोकळ्यांनी भरलेला भुसभुशीत कातळ अशा हत्यारांना चालत नाही; घाव घातला की तो वेडावाकडा फुटतो. घट्ट, बारीक कणांचा धोंडा निवडायचा, त्यावरून मोठा छिलका उडवायचा आणि दोन्ही बाजूंनी कडा टवकत आणायच्या. अशा जड हत्याराने जनावर सोलणे, हाड फोडणे, कंद उकरणे, लाकूड तासणे ही सगळी कामे होत. पण काळ्या दगडाची धार लवकर बोथटते.

मग गारगोटीकडे लक्ष गेले. ह. धी. सांकळिया यांनी १९५० च्या दशकात नेवाशाला शोधलेल्या मध्य पुराश्मयुगीन हत्यारांत जॅस्पर आणि कॅल्सेडनीच्या तासण्या, टोचे दिसतात. हत्यार लहान झाले, धार मात्र वाढली.

या कसबाचा कळस ताम्रपाषाणयुगात दिसतो. आंबेगाव तालुक्यात घोड नदीकाठी चांडोली आणि त्याच नदीवर शिरूर तालुक्यात इनामगाव, ही दोन गावे त्याची साक्ष देतात. डेक्कन कॉलेजने इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ. स. पूर्व १६०० ते ७०० एवढा काळ तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. चांडोलीला तांब्याचा खंजीर सापडला आहे, तरी दोन्ही गावांत रोजची धार कॅल्सेडनीचीच होती. तांबे या परिसरात मिळत नाही, ते दुरून आणावे लागे. गारगोटी दारच्या नदीत होती.

पाती काढण्याची रीत नेमकी होती. गारगोटीच्या एका बाजूला आलटून-पालटून बारीक टवके उडवून उभा कणा तयार करत. वरच्या सपाट भागावर, कण्याच्या अगदी माथ्याशी दाब किंवा घाव दिला की तडा त्या कण्याच्या धारेने सरळ खाली उतरतो आणि पहिले पाते सुटते. त्याच्या जागी गारगोटीच्या उरलेल्या गाभ्यावर दोन नव्या सरळ कडा उरतात; त्या पुढच्या पात्यांना वाट दाखवतात. असे करत एका गाभ्यातून समांतर कडांची कितीतरी पाती निघतात. मग ती हवी तेवढी तोडून, पाठ बोथट करून, लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत डिंक-राळेने ओळीने बसवायची. एक पाते तुटले तर तेवढेच बदलायचे. चाकणच्या कारखान्यात लेथवरचा कामगार होल्डर तोच ठेवून धार गेलेला इन्सर्ट बदलतो, तसेच हे. दगडी पाते विळ्यात बसवून गवत वा धान्य कापले, की ताटातल्या सिलिकेने त्याच्या कडेवर चकाकी चढते. पाते कशासाठी वापरले, हे अभ्यासक त्यावरूनही ओळखतात.

म्हणून तांबे आले आणि दगडाचे युग संपले, ही समजूत या खोऱ्यापुरती तरी चुकीची आहे. तांब्याने दगडाला हटवले नाही. ते काम पुढे स्वस्त आणि मजबूत लोखंडाने केले, आणि त्यानंतर पाती काढण्याचे हे कसब इथे कुणाला लागले नाही.