फोर्डचे व्ही-८ एंजिन : स्टडांकडून बोल्टांकडे

१९३२ साली फोर्ड कंपनीने आपले व्ही-८ एंजिन बाजारात आणले, तेव्हा त्याचे प्रत्येक सिलिंडर-हेड २१ स्टडांनी बिडाच्या ब्लॉकवर आवळलेले असे. १९३८ मध्ये ही संख्या २४ झाली. १९४९ च्या मोटारींत संख्या तीच राहिली. स्टडांची जागा मात्र बोल्टांनी घेतली. हा फरक क्षुल्लक भासला, तरी यंत्रविद्येच्या इतिहासात तो उद्बोधक आहे.

स्टड ब्लॉकमध्ये कायमचा बसविलेला असतो. आवळताना फिरतो तो वरचा नट. त्यामुळे झीज नटाच्या वाट्यास येते आणि ब्लॉकमधील आटे सुरक्षित राहतात. बोल्टाचे आटे प्रत्येक वेळी ब्लॉकच्याच आट्यांवर घासतात, व त्याच्या दांड्यास ताणाबरोबर पीळही अधिक बसतो. केवळ बळकटी पाहिल्यास स्टडच श्रेयस्कर ठरतो.

तथापि या एंजिनात स्टडांची टोके पाण्याच्या पोकळीत उतरत. गंजलेल्या २४ स्टडांवरून हेड सरळ वर उचलणे हे कारागिराची कसोटी पाहणारे काम होते. बोल्ट काढले की हेड मोकळे होई. शिवाय कारखान्यातील जोडणीस स्टड आणि नट या दोहोंऐवजी एकच भाग पुरे.

सारांश, १९४९ च्या बदलाने जोडणाऱ्याचे व उघडणाऱ्याचे श्रम हलके झाले. झिजेचा भार मात्र स्वस्त नटावरून महागड्या ब्लॉकवर गेला. यंत्रातील कोणतीही सुधारणा अभ्यासताना हा भार कोठे सरकला, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते.