मालीशचं बिल विमा कंपनी का देत नाही?

"डॉक्टर, यावर तेवढा तुमचा शिक्का मारा, क्लेम टाकायचाय." गेल्या हिवाळ्यात एका काकांनी माझ्या टेबलावर पावती ठेवली. कंबरेत उसण भरली म्हणून दहा दिवस मालीश, खाली मालीश करणाऱ्याची सही. वडीगोद्रीत उसाच्या दिवसांत अशा कंबरा रोज येतात. मालीश करणारा माणूस प्रामाणिक, काकांना आरामही पडलेला. तरी मी शिक्का मारला नाही. का, ते समजायला थोडं मागं जावं लागेल.

१९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणला. त्याचा पायाच दवाखान्यात दाखल होण्यावर, तेही साधारणपणे किमान २४ तास. दाखल रुग्णाचा केसपेपर असतो, डिस्चार्ज कार्ड असतं. घरी बाजेवर कुणी किती वेळ पाठ चोळली, हे कंपनीनं कशावरून मानायचं? वैद्यकीयदृष्ट्या ही रेघ मला कधीच पुरती पटलेली नाही, कारण कंबरदुखीच्या बहुतेक रुग्णांना दाखल करायची गरजच नसते. पण ती रेघ आजही बऱ्याच पॉलिसींत आहे.

पुढं २०१३ च्या नियमांनी आयुर्वेदासारख्या उपचारांना विम्यात जागा दिली. अट अशी की रुग्णालय सरकारी किंवा मान्यताप्राप्त हवं. १ एप्रिल २०२४ पासून तर आयुष उपचारांना इतर उपचारांच्या बरोबरीनं वागवा, असं विमा नियामकानं कंपन्यांना बजावलं. म्हणजे नोंदणीकृत वैद्यांनी आजारासाठी आयुष रुग्णालयात दाखल करून केलेलं पंचकर्म पॉलिसीत बसू शकतं. तेच तेल, तेच हात, पण रिसॉर्टमधलं मालीश बसत नाही. २०१९ मध्ये प्रमाण केलेल्या अपवादांच्या यादीत निसर्गोपचार केंद्रं, स्पा आणि नुसत्या विश्रांतीसाठी दाखल होणं स्पष्ट लिहिलेलं आहे.

फिजिओथेरपीचं वेगळं. महाराष्ट्रात तिच्यासाठी २००२ चा परिषद कायदा आहे, म्हणून तिथं नोंदणी क्रमांक असतो. मालीश करणाऱ्यांसाठी तशी परिषद नाही. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी लिहून दिलेली फिजिओथेरपी डिस्चार्जनंतरच्या खर्चात धरली जाऊ शकते. 'आरोग्य संजीवनी' पॉलिसीत ही मुदत ६० दिवसांची आहे. चिठ्ठी, नोंदणी क्रमांक असलेलं बिल आणि तारखा जपून ठेवा. इथंच क्लेम अडकतात.

आपल्याकडं अनेकांचा विमा म्हणजे महात्मा फुले जन आरोग्य योजना. तिचं आधीचं रूप, राजीव गांधी जीवनदायी योजना, जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालं; जालना त्यात नव्हता, आपली पाळी २०१३ च्या नोव्हेंबरात आली. तीही ठरलेल्या उपचारांचे पैसे थेट रुग्णालयाला देते. बाहेरच्या मालीशची पावती तिथं चालत नाही.

राहिला शिक्का. मालीशला 'दाखल करून उपचार' म्हणून दाखवणं ही फसवणूक झाली. पॉलिसी सलग ६० महिने चालली की कंपनी जुन्या माहितीवरून क्लेम नाकारू शकत नाही, पण सिद्ध झालेली फसवणूक त्यातून वगळलेली आहे. दहा दिवसांच्या मालीशपायी काकांची पॉलिसीच रद्द झाली असती, आणि घरात काकूंची बायपास झालेली.

काका जरा नाराज होऊन गेले. आठवड्यानं काकूंना तपासायला घेऊन आले, तेव्हा पॉलिसीचे कागद सोबत होते.