आबरा का डाबरा : एका तापाचा शब्द

जादूगाराच्या तोंडचा ‘आबरा का डाबरा’ आपल्याला तीन शब्दांचा मंत्र वाटतो. मुळात तो एकच शब्द आहे, ‘अब्राकडाब्रा’. आणि त्याचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख सापडतो तो औषधोपचारांच्या पुस्तकात. बहुधा इ. स. च्या तिसऱ्या किंवा चौथ्या शतकात क्विंटस सेरेनस या रोमन लेखकाने उपचारांवर एक लॅटिन पद्यग्रंथ रचला. एका हट्टी तापावर तो सांगतो : हा शब्द लिहावा, खालच्या ओळीत शेवटचे अक्षर गाळून पुन्हा लिहावा, एकच अक्षर उरेपर्यंत असे करत जावे आणि ते लिखाण लिननच्या दोऱ्याने गळ्यात बांधावे. रोमन लिपीत हा शब्द 11 अक्षरांचा, म्हणजे 11 ओळींत 66 अक्षरांचा त्रिकोण होतो. (देवनागरीत स्वर व्यंजनाला चिकटत असल्याने तो तसा उतरत नाही. फळ्यावर करून पाहावे.) शब्द झिजला की तापही झिजेल, ही त्यामागची कल्पना.

शब्दाचा अर्थ काय? सेरेनस काहीच सांगत नाही. ‘मी बोलतो तसे घडवतो’ अशा अर्थाच्या अरामी शब्दांपासून तो आला, असे पुष्कळदा ठामपणे लिहिले जाते. पण या रूपातला प्रयोग जुन्या अरामी लेखनात सापडलेला नाही. कुणी तो ‘अब्राक्सास’ या नावाशी जोडतात. ग्रीक अक्षरांची अंकमूल्ये धरली तर त्या नावाची बेरीज 365 येते, वर्षाच्या दिवसांइतकी. बेरीज बरोबर आहे, पण तिने दोन शब्दांचे नाते सिद्ध होत नाही. आम्हाला वाटते, अर्थ न कळणे हेच या शब्दाचे बळ असावे. अर्थ कळला की मंत्राचे साधे वाक्य होते.

मग हा उपाय टिकला कसा? सेरेनसचा ताप म्हणजे आजचा हिवताप, असे मानले जाते. आपल्याकडे ज्याला एकांतरा म्हणतात त्या तापात परजीवी सुमारे 48 तासांनी तांबड्या पेशी फोडून बाहेर पडतात. रोगी हुडहुडतो, तापतो, घाम येतो आणि काही तासांत ताप आपोआप उतरतो. त्याच वेळी गळ्यात ताईत असेल तर श्रेय कुणाला मिळणार? ताप परत आला, तर दोष बांधण्यात निघतो. ताईत न बांधलेले किती रोगी तसेच उतरले, हे मोजायचे कुणाला सुचत नाही.

1665 च्या लंडनमधील प्लेगच्या साथीतही लोक हा त्रिकोण बाळगत, असे डॅनियल डीफोने 1722 च्या पुस्तकात लिहिले आहे. प्लेग एकांतऱ्यासारखा येत-जात नाही, तरी शब्द तोच. पुढे तो जादूच्या खेळात गेला. आणि हिवतापाचा परजीवी 1880 मध्ये अल्जीरियात लाव्हेराँ या फ्रेंच लष्करी डॉक्टरला रोग्याच्या रक्तात, सूक्ष्मदर्शकाखाली दिसला.